दसऱ्याला पुजलेली कर्नलची तलवार

मी, श्रीमती शोभा शरदचंद्र मोघे, माहेरची किल्लेदार, वय वर्षे एकोणऐंशी, मूळची मिरजेची, लग्नानंतर रेजिना, प्रांत सस्कॅचेवान, देश कॅनडा येथे स्थायिक, हा कागद स्वहस्ते, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही की दटावलेले नाही. उलट माझा मुलगा विक्रम मिसिसागाहून फोनवर म्हणाला, "आई, सध्या पितृपंधरवडा चाललाय, हे कशाला आत्ता?" मी म्हटलं, मृत्युपत्राला याहून चांगला मुहूर्त कुठला मिळणार?

माझी वकील अवंतिका हिने हा कागद मराठीत लिहायला परवानगी दिली आहे, इंग्रजी तर्जुमा सोबत जोडायच्या अटीवर. ती आपल्या मराठी मंडळातलीच मुलगी. मसुदा चाळून म्हणाली, "काकू, विलमध्ये एवढ्या स्टोरीज नसतात." मी म्हटलं, तुझी फी तासावर आहे ना, मग वाच.

कलम १. यापूर्वी मी व माझे पती कै. शरदचंद्र मोघे यांनी मिळून केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. विशेषतः त्यातले पुढील वाक्य रद्द करते: "दिवाणखान्यातील तलवार कुलपरंपरेप्रमाणे चिरंजीव विक्रम याजकडे जावी." हा नवा कागद त्या एका वाक्यापायी करावा लागतो आहे. तलवार आमच्या कुळाची नव्हती आणि परंपरा मी सुरू केली होती. त्याची मला लाज वाटते. कशी वाटते ते कलम सातमध्ये येईल. आधी बाकीचं उरकते, कारण सातव्या कलमानंतर मला ताट-वाटीचं लिहायला सुचणार नाही.

यापुढे या कागदात "हे" किंवा "ह्यांनी" आले की माझे पती समजावेत. पन्नास वर्षं नाव घेतलं नाही, आता कागदावर घ्यायला जीभ वळत नाही.

कलम २. माझ्या देहाला विद्युतदाहिनीत अग्नी द्यावा. रक्षा हरिद्वारला नेण्याची गरज नाही. विक्रमला सुट्टी मिळणार नाही आणि तो ती कुरियरने पाठवेल. मंडळाची काही माणसं हल्ली क्वापेल दरीतल्या तळ्यात रक्षा सोडतात. तिथे ज्यांची वस्ती आहे त्यांना विचारल्याशिवाय माझी सोडू नये. नको म्हणाले तर मागच्या अंगणात कॅरागानाच्या झुडपांच्या कुंपणाखाली घालावी. दहाव्याला कावळा शिवला नाही म्हणून कोणी खोळंबून बसू नये. इथले कावळे आपल्या सवयीचे नाहीत.

कलम ३. राहते घर निम्मे विक्रमचे आणि निम्मे नातू ओजसचे. ओजस विक्रमचा मुलगा, शिकायला आजी-आजोबांकडे रेजिनाला आला तो इथेच प्रांत सरकारात नोकरीला लागला. येत्या उन्हाळ्यात त्याचे लग्न केंड्राशी व्हायचे आहे. केंड्रा शाळेत शिकवते. ती डकोटा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी आहे. तिची आजी डार्लीन क्वापेल दरीतल्या रिझर्व्हवर, म्हणजे त्यांच्या राखीव वस्तीवर, राहते. त्या दोघांना या घरात राहायचे असेल तर विक्रमने आपला हिस्सा सवडीने घ्यावा, मुलाच्या मागे तगादा लावू नये. पण केंड्राचे मन या घरात पाऊल टाकायला घेत नसेल, तर घर विकून टाकावे आणि कोणी तिला एका शब्दाने बोलू नये. गेल्या दसऱ्यानंतर ती आत आलेली नाही. येते, गाडीतूनच ओजसला हाक मारते, माझ्याकडे बघून हात हलवते, हसते. इंजिन चालूच असतं.

कलम ४. दागिने सून सलोनीला. तिने ते मोडून नवे करावेत. जुन्या घडणीला ती नाकं मुरडते ते मला इतकी वर्षं दिसत होतं. पुरणयंत्र ओजसला, कारण पुरणपोळी त्यालाच येते. स्नो ब्लोअर शेजारच्या पुष्करला. दर हिवाळ्यात आमचा ड्राइव्हवे तोच साफ करत आला आहे, निदान यंत्र तरी त्याचं असावं. गाडी, तिचे विंटर टायर आणि बेसमेंटमधला फ्रीझर ओजसला. फ्रीझरमधलं काय ते आधी वास घेऊन बघावं.

चांदीचा कुंकवाचा करंडा केंड्राला द्यावा अशी माझी इच्छा होती. आता ती लिहिताना माझा हात धजत नाही. तो सध्या कोणाच्याच नावे करत नाही.

कलम ५. शैलेंद्र, म्हणजे आपल्या मंडळाचे अध्यक्ष, यांना माझ्याकडून मोठी पितळी परात. दसऱ्याचं श्रीखंड मी त्यात कालवत असे आणि ते आंबट असतं असं त्यांनी एकदा चारचौघांत सांगितलं होतं. मी ते विसरलेले नाही, पण परात चांगली आहे. तलवार मंडळाला मिळावी, म्हणजे हॉलमध्ये सामुदायिक शस्त्रपूजा करता येईल, असा अर्ज त्यांनी माझ्याकडे तोंडी केला आहे. तो मी नामंजूर करते. कारण पुढे दिलेले आहे. ते वाचूनही त्यांना पूजा करावीशी वाटली तर त्यांच्याकडून परातही परत घ्यावी.

कलम ६. ह्यांची पुस्तके व टिपणे.

हे विद्यापीठात अमेरिकेचा इतिहास शिकवत. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन वकील, पुढारी आणि लष्करी अधिकारी यांची चरित्रं लिहिणं हे ह्यांचं आयुष्याचं काम. एका मोठ्या चरित्रकोशात ह्यांनी लिहिलेल्या नोंदी आहेत. ती माणसं आमच्या घरात पाहुण्यांसारखी राहून गेली. संध्याकाळी हे वर येऊन म्हणायचे, "आज न्यायमूर्ती वारले," म्हणजे त्या माणसाची नोंद संपली. मग मी विचारायचे, "कशाने?" "मूत्रपिंडानं." आणि आम्ही जेवायला बसायचो.

त्यांच्यातला एक ओहायोचा होता. लढाईत उजवा हात गेला, डाव्या हाताने लिहायला शिकला आणि पुढे न्यायाधीश झाला. तो मला आवडायचा. दुसरा एक पक्ष बदलत बदलत सिनेटवर गेला आणि प्रत्येक वेळी आपण तत्त्वासाठी बदललो असं भाषण करायचा. हे त्याची नक्कल फार छान करत. पण खरं सांगायचं तर बहुतेकांचं आयुष्य एकाच साच्यातलं. शेतावर जन्म, कोणा वकिलाच्या हाताखाली कायदा वाचला, सनद मिळाली, युद्ध आलं तशी पलटण उभी केली, कर्नल झाला, घरी आला, निवडून आला, गावात पुतळा. बायकोची ओळ एक: अमुक जज्जाची मुलगी हिच्याशी विवाह. मी एकदा म्हटलं, अहो, त्या मुलीचं पुढे काय झालं? हे म्हणाले, "त्याची साधनं उपलब्ध नाहीत." हे वाक्य ह्यांना फार सोयीचं होतं.

पुस्तके विद्यापीठाच्या ग्रंथालयाने घेतली तर द्यावीत. मला वाटतं घेणार नाहीत. टिपणांचे खोके ओजसने उघडून बघावेत आणि जे ठेवावंसं वाटेल ते ठेवावं. चरित्रकोशाचा जो खंड माझ्या पलंगाजवळ आहे तो मात्र टाकू नये.

कलम ७. तलवार.

सदर तलवार सरळ पात्याची, मुठीला पितळी काम, म्यान पोलादी, अशी आहे. पात्यावर एका कर्नलचे नाव, त्याच्या स्वयंसेवक पलटणीचा क्रमांक, १८६३ हे साल आणि "कृतज्ञ नागरिकांकडून" अशी अक्षरे कोरलेली आहेत. अवंतिका म्हणते, ओळख पटण्यासाठी नाव लिहायला हवं. मी ते नाव लिहिणार नाही. ज्याला हवं त्याने पातं बघावं. का लिहिणार नाही तेही पुढे येतंच आहे.

हा कर्नलही आधी वकील होता आणि नंतर सिनेटर झाला. ह्यांनी त्याची नोंद लिहिली. त्याच सुमारास मिनेसोटात एका घरातल्या सामानाचा लिलाव होता, तिथे ही तलवार मिळाली. हे ती गाडीच्या मागच्या सीटवर माझ्या शालीत गुंडाळून घेऊन आले. सीमेवर कोणी विचारलं नाही, तेव्हा तसा काळ होता. मला इतका आनंद झाला होता. तो का झाला ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझे वडील मिरजेला फौजदार होते. खंडेनवमीला ठाण्यात बंदुका ओळीने मांडायचे, झेंडूच्या माळा घालायचे. मी फौजदारांची लेक म्हणून हळदकुंकू लावायला मला पुढे बसवायचे. फार मान वाटायचा. इथे आल्यावर दसऱ्याला पुजायला काय होतं? लाटणं, सुरी, ह्यांचा टाइपरायटर, बर्फ ओढायचं फावडं. फावड्याला कुंकू लावताना मी रडले आहे. आणि मग घरात खरीखुरी तलवार आली. वर्षभर ती दिवाणखान्यात शेकोटीच्या वरच्या भिंतीवर असायची आणि दसऱ्याला खाली उतरायची. हे तेल लावून पुसायचे, मी पाट मांडायचे, रांगोळी, हळद, कुंकू, फुलं. रेजिनात शस्त्र असलेलं मराठी घर आमचंच. सगळं मंडळ इथे जमायचं. आपटा मिळत नाही म्हणून आमच्याच कुंपणावरची कॅरागानाची पिवळी पानं सोनं म्हणून लुटायचो. मुलं मोठी झाली, त्यांची मुलं आली, पण दसरा मोघ्यांकडे. ह्यांच्या माघारीसुद्धा मी तो मोडू दिला नाही.

गेल्या दसऱ्याला ओजस केंड्राला घेऊन आला. सगळ्यांना भेटवायला. मला कोण हौस! मी तिला हात धरून पाटाशी नेलं आणि म्हटलं, या वर्षी आमची नवी सून पूजा करणार. ओजस म्हणाला, "आजी, शी डझन्ट हॅव टू." मी त्याला गप्प केलं. केंड्रा खाली बसली. पात्यावरची अक्षरं तिच्यासमोर होती. ती वाचत होती, मला दिसत होतं, आणि मला वाटलं, बघा कशी कौतुकाने वाचतेय. मग मी तिची बोटं माझ्या हातात घेतली, कुंकवात बुडवली आणि पात्यावर टेकवली. टाळ्या वाजल्या. शैलेंद्रनी फोटो काढला.

त्यानंतर ती वॉशरूममध्ये गेली. नळ बराच वेळ चालू होता. मला वाटलं, बोटांचं कुंकू जात नसेल. मी दारावर टकटक करून सांगितलं, तेल लाव म्हणजे जाईल.

पुढे एप्रिलमध्ये, बर्फ वितळल्यावर, डार्लीनने मला जेवायला बोलावलं. होणाऱ्या व्याह्यांकडे जायचं म्हणून मी नवी साडी नेसले, डबाभर करंज्या घेतल्या. केंड्राच गाडी चालवत होती. डार्लीनचं घर लहान आहे, खिडकीतून तळं दिसतं. माझ्याच वयाची बाई, थट्टेखोर. माझ्या उन्हाळी बुटांकडे बघून म्हणाली, "यू ड्रेस्ड फॉर जुलै." तिने मांसाशिवायचं वेगळं सूप माझ्यासाठी केलं होतं, शिवाय गरम बॅनक, म्हणजे त्यांची जाड भाकरी. आम्ही दोघी नातवंडांच्या तक्रारी करत जेवत होतो. माझं मन अगदी भरून आलं होतं आणि अशा वेळी माझी जीभ सैल सुटते.

मी म्हटलं, आमचं घर साधं नाही हं. आमच्याकडे एका अमेरिकन कर्नलची तलवार आहे. माझ्या मिस्टरांनी त्याचं चरित्र लिहिलंय. तुमच्या केंड्राने दसऱ्याला तिची पूजा केली. आणि मी त्याचं नाव सांगितलं.

डार्लीनने चमचा खाली ठेवला. म्हणाली, "कोण म्हणालीस?"

मला वाटलं, तिला कमी ऐकू येतं. मी तेच नाव परत घेतलं. मोठ्याने घेतलं. अक्षरं सुटी करून सांगितली. तो सिनेटरही झाला होता, हेही सांगितलं.

तिने हात पुसले. मग म्हणाली, "आमच्या घरात हे नाव अन्नासमोर घेत नाहीत." आवाज चढवला नाही. माझ्या वाडग्यात आणखी सूप वाढलं आणि म्हणाली, "खा, गार होईल."

जेवण झाल्यावर तिने सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं, आपणहून नाही. तिची पणजी १८६३ साली सहा-सात वर्षांची होती. हिवाळ्याची बेगमी म्हणून सगळी वस्ती मांस वाळवत होती. कर्नलचे घोडेस्वार आले. ती तळ्याकाठच्या लव्हाळ्यात शिरून बसली. आई परत आली नाही. स्वार गेले नाहीत, थांबले. राहुट्या जाळल्या, मांस जाळलं, थंडीत कोणी जगू नये म्हणून. मग ती पोर कोणा मावशीबरोबर चालत चालत सीमेच्या या बाजूला आली. डार्लीन म्हणाली, "म्हणून मी इथे आहे." बस्स, एवढंच म्हणाली. आणि माझ्या करंज्यांची रेसिपी विचारली.

परतताना गाडीत मी केंड्राला म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"पातं वाचलं तेव्हा कळलं."

"मग का लावलंस कुंकू?"

ती रस्त्याकडे बघत होती. म्हणाली, "आजी, यू वर होल्डिंग माय हँड. आणि तू एल्डर आहेस, वडीलधारी. घरात एवढी माणसं होती. मी काय करणार होते?"

मला तेव्हा गाडीतून उतरून जावंसं वाटलं. हायवेवर कुठे उतरणार? तोंडावर पदर घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी चरित्रकोशातली ह्यांची नोंद काढून वाचली. "१८६३च्या वायव्य मोहिमेत कामगिरी बजावली, परतल्यावर राज्याच्या राजकारणात प्रवेश." ह्यांच्या हातचं वाक्य. मोहीम म्हणजे तीच, डार्लीनने सांगितलेली. ह्यांनी त्या मोहिमेतल्या शिपायांच्या रोजनिश्या वाचल्या होत्या, म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून दर दसऱ्याला हे पाटाशी हात जोडून उभे राहिले आणि मला बोलले नाहीत. अहो, मी फौजदाराची मुलगी होते, मला काही कळत नव्हतं. पण तुम्ही तर प्रोफेसर होतात. ह्यांच्यावर मी एवढी कधी चिडले नव्हते. फोटोला हार घातलेला होता, तो काढून ठेवला.

आणि मग मला आठवलं. चिडून फार तर आठवडा झाला असेल. मी वरणाला फोडणी देत होते आणि मला ह्यांचं वाक्य आठवलं. ह्यांनी सांगितलं होतं. नोंद लिहीत होते त्या दिवसांत, जेवताना. "वाळवलेलं मांस इतकं होतं की दोन दिवस जळत होतं, चरबी उतारावरून ओघळत होती, असं एका शिपायाने लिहून ठेवलंय." आणि मी काय म्हटलं होतं? मी म्हटलं होतं, "शी, जेवताना काय सांगता!" आणि ह्यांनी विषय बदलला. मग कधीच काढला नाही. तेव्हा हार परत घालावा लागला. एकट्या ह्यांच्या माथी मारून मोकळी होईन म्हटलं, तेही जमलं नाही.

हल्ली ठाण्यातल्या त्या बंदुकाही डोळ्यांसमोर येतात. त्या कोणावर चालल्या असतील, हे मी वडिलांना कधी विचारलं नाही. आता विचारायला कोणी उरलं नाही.

तलवार मी डार्लीनकडून परतले त्याच दिवशी खाली उतरवली, कुंकवाचे डाग घासून काढले. जुन्या शालीत गुंडाळून कपाटात ठेवली. मग तिचं काय करायचं यावर सगळ्यांची मतं आली. विक्रम म्हणाला, "आई, इट्स हिस्टरी. चाळीस वर्षांची पूजा आहे तिच्यावर, मला दे." ओजस म्हणाला, म्युझियमला दे. म्हणजे काचेमागे पुन्हा कर्नलचं नाव आणि खाली "मोघे कुटुंबीयांकडून सप्रेम". मला वाटलं, पुजलेली वस्तू आहे, वाहत्या पाण्यात विसर्जन करावं. तसं केंड्राला बोलले तर ती म्हणाली, "डोन्ट ड्राउन इट, आजी. मग कोणालाच उत्तर द्यावं लागणार नाही." शेवटी मी डार्लीनला फोन करून म्हटलं, तूच घे. ती हसली. म्हणाली, "मी घेतली की तुला झोप लागेल, होय ना?" फोन ठेवल्यावर मला आणखीच लाज वाटली, कारण ते खरं होतं.

तरी मी पुढीलप्रमाणे ठरवले आहे: माझ्या मृत्यूनंतर व्यवस्थापक या नात्याने ओजसने केंड्रासह तिच्या रिझर्व्हवरच्या जाणत्या वडीलधाऱ्यांकडे जावे. विचारायला जाताना तंबाखू न्यायची रीत आहे, ती न्यावी. तलवारीची आणि आमच्या पूजेची सर्व हकिकत सांगावी व हिचे काय करावे ते विचारावे. ते वितळवा म्हणाले तर वितळवावी, ठेवा म्हणाले तर ठेवावी, आम्हाला विचारू नका म्हणाले तर ऐकून परत यावे. तोपर्यंत ती शालीतच राहील. तिला फूल वाहू नये. मला वाटणारी लाज त्यांना ओजसने माझ्या वतीने कळवावी.

कलम ८. बँकेतील शिल्लक विक्रम व ओजस यांना समान. व्यवस्थापक ओजस. भांडण झाल्यास अवंतिका सांगेल तसे.

सही करण्यापूर्वीची दुरुस्ती.

कलम सातचा शेवटचा परिच्छेद, "तरी मी पुढीलप्रमाणे" येथपासून "ओजसने माझ्या वतीने कळवावी" येथपर्यंत, मी आज सर्वांदेखत रद्द केला आहे. कलम पाचमधली परातही रद्द. कारणे अशी.

साक्षीदार म्हणून कोण, यावर बोलणं निघालं तेव्हा मी डार्लीनला माझी हातशिलाईची गोधडी लिहून देणार होते. अवंतिका म्हणाली, साक्षीदाराला काही घेता येत नाही. डार्लीन म्हणाली, "मग बरंच झालं. मी साक्षीदार होते." दुसरे साक्षीदार शैलेंद्र, सहीच्या हौसेपायी त्यांची परात गेली. ज्यांना काही मिळायचं आहे त्यांनी खोलीत थांबू नये म्हणून ओजस अंगणात आणि केंड्रा नेहमीप्रमाणे गाडीत.

खरं तर साक्षीदाराने मजकूर ऐकायची गरज नसते. डार्लीनने मात्र सातवं कलम ऐकायचं म्हटलं. अवंतिकाने ते इंग्रजीत मोठ्याने वाचलं. मी टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या फुलांकडे बघत बसले. शैलेंद्र फोनमधला तो फोटो काढून बघत होते, मग त्यांनी फोन उलटा करून ठेवला.

वाचून झाल्यावर डार्लीन म्हणाली, "शोभा, यू आर नॉट डेड."

मी म्हटलं, नाही.

"मग हे तू मेल्यावर कशाला? मुलांनी जाऊन काय सांगायचं? आजीला लाज वाटत होती, पण ती आली नाही?"

एवढा मोठा कागद मी विचार करकरून लिहिला आणि त्यात मीच कुठे जाणार नव्हते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी म्हटलं, मला तिथे बोलता येईल का? त्या लोकांसमोर?

ती म्हणाली, "तू पुष्कळ बोलतेस. त्याची काळजी करू नको."

तेव्हा मी पेन घेऊन परिच्छेदावर रेघ मारली. अवंतिकाने दाखवल्याप्रमाणे शेजारी माझी आद्याक्षरे, मग डार्लीनची, मग शैलेंद्रची. तंबाखू पुष्करकडून आणवली आहे. वडिलांच्या चंचीवरून मी आयुष्यभर कटकट केली आणि आता स्वतःच्या पर्समध्ये पुडी बाळगून आहे. येत्या शनिवारी सकाळी मी, केंड्रा आणि ओजस जाणार आहोत. काय विचारायचं ते मी मराठीत पाठ केलं आहे, ओजस त्याचं इंग्रजी करील आणि केंड्रा ते त्यांना सांगेल. पहिलं वाक्य मात्र मी स्वतः इंग्रजीत म्हणणार आहे: आय अ‍ॅम अशेम्ड. ओजसकडून उच्चार तपासून घेतला आहे. तो म्हणाला, "इट्स फाइन, आजी," आणि मान वळवून उभा राहिला.

तलवार आत्ता शालीसकट केंड्राच्या गाडीच्या डिकीत नेऊन ठेवली. सबब ती या मृत्युपत्राचा भाग नाही. चरित्रकोशाचा खंडही सोबत नेते आहे. ह्यांच्या नावचं वाक्य मला त्यांच्यासमोर वाचायचं आहे.

डिकी बंद झाल्यावर केंड्राने इंजिन बंद केलं आणि आत आली. बूट काढले. या क्षणी ती कोचावर, रिकाम्या भिंतीसमोर बसली आहे आणि चहात साखर कमी आहे म्हणते आहे. मी सही करून साखर द्यायला उठते.

(सही) शोभा शरदचंद्र मोघे

वरील सही आम्हा दोघांच्या समक्ष झाली व आम्ही एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या. आम्हाला या कागदाने काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: (सही) डार्लीन ग्रेविंड, क्वापेल दरी
साक्षीदार २: (सही) शैलेंद्र, मंडळाचे अध्यक्ष, रेजिना

मुक्काम रेजिना, सस्कॅचेवान. बुधवार, १७ सप्टेंबर २०२५.